ब्लूबेरीचे मूळ आणि उजेडाची मात्रा



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून काही मंडळींना शंका आली असेल, की कारखान्याच्या फाटकाशी सभा घेण्यात ज्याची हयात गेली तो माणूस एका परदेशी फळाच्या मुळांविषयी काय सांगणार? शंका रास्त आहे. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे वाचन सार्वजनिक वाचनालयात आणि एसटीच्या बाकावर झाले. परंतु कोणत्याही मालाचा इतिहास हाती आला की मी एक प्रश्न आधी विचारतो, की हे काम प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी झाले? ब्लूबेरीच्या इतिहासाला हा प्रश्न विचारला तेव्हा जंगलात हिंडणारी माणसे भेटली, एक जिद्दी बाई भेटली, सरकारी नोकरीतला एक चिकाटीचा शास्त्रज्ञ भेटला, आणि या सर्वांना पुरून उरलेला एक प्रश्न भेटला. तो म्हणजे, या झुडपाच्या काडीला मूळ फुटावे यासाठी तिला उजेड किती द्यावा, आणि कोठे देऊ नये?

ब्लूबेरी आता आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या दुकानांत लहान लहान डब्यांतून दिसते. आपल्या करवंदाएवढे, निळसर काळे, वर धुकट पावडर धरलेले फळ. करवंदाशी त्याचे नाते मात्र काही नाही. ते ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातले. पण एका बाबतीत दोघांचे साम्य होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत ब्लूबेरी हे अमेरिकेत रानातच वेचायचे फळ होते. आपल्या घाटांवरच्या बाया-पोरी पानाच्या द्रोणात करवंदे भरून मोटारीच्या थांब्यावर उभ्या राहतात, तशीच तिकडची गरीब माणसे ती बादल्यांतून वेचून विकीत. ते झुडूप मळ्यात येत नसे. ज्यांनी ज्यांनी ते चांगल्या खतावलेल्या बागेत लावले त्यांचे झुडूप मेले.

का मेले, हे शोधून काढण्याचे श्रेय फ्रेडरिक कोव्हिल यांचे. हे अमेरिकेच्या शेतीखात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८६७, मृत्यू १९३७. त्यांनी १९०६ पासून प्रयोग मांडले आणि १९१० साली ते एका सरकारी पुस्तिकेत प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते शेतकऱ्याच्या साऱ्या अनुभवाच्या उलट होते. चांगली, चुना घातलेली, कसदार जमीन या झाडाला विष होते. त्याला हवी आम्लधर्मी माती, दलदलीत कुजलेल्या शेवाळाची आणि पालापाचोळ्याची, तिकडे जिला पीट म्हणतात ती, वाळूत मिसळून. दुसरा शोध असा की हिवाळ्यात उबदार काचघरात सांभाळलेली रोपे वसंतात खुळ्यासारखी स्वस्थ बसून राहतात आणि बाहेर थंडीत काकडलेली रोपे जोमाने फुटतात. लाड सोसत नाहीत असे हे झाड आहे.

ही पुस्तिका न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग गावी एलिझाबेथ व्हाइट या बाईंच्या हाती पडली. त्यांच्या वडिलांचा क्रॅनबेरीचा मोठा मळा होता, आणि मळ्यालगत मैलच्या मैल वाळवंटी पाइनचे रान होते, त्यात रानटी ब्लूबेरी उदंड. बाईंनी १९११ साली शेतीखात्याला कळविले की जमीन आमची, माणसे आमची, शास्त्र तुमचे. असा तो करार जमला.

आता येथे मला थोडे थांबावयाचे आहे. बाईंनी रानात राहणाऱ्या, लाकडे तोडणाऱ्या, फळे वेचणाऱ्या माणसांना निरोप धाडला की सर्वांत मोठे फळ देणारे झुडूप मला दाखवा. प्रत्येकाला नमुने ठेवायला बाटल्या दिल्या, चिठ्ठ्या दिल्या, आणि एक धातूची पट्टी दिली. तिला पाच अष्टमांश इंचाचे, म्हणजे सुमारे सोळा मिलिमीटरचे, भोक होते. फळ त्या भोकातून घसरून गेले तर झुडूप बाद. अडकून राहिले तर एक ते तीन डॉलर बक्षीस. मजुरी ठरविण्याची मापे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण इतके साधे आणि इतके चोख माप क्वचितच पाहिले. त्यात मुकादमाची मर्जी चालत नाही.

कोणते झुडूप कोठे आहे, कोणते लवकर पिकते, कोणत्याचे फळ आंबट, कोणत्याचे गोड, हे ज्ञान त्या माणसांजवळ पिढ्यान्पिढ्या होते. ते कोठल्याही पुस्तकात नव्हते. बाईंनी एक गोष्ट न्यायाची केली. झुडपाला ते शोधणाऱ्याचे नाव दिले. सूय, सॅम, ग्रोव्हर, हार्डिंग अशी ती नावे. चॅट्सवर्थ गावच्या रूब लीक याने दाखविलेल्या झुडपाला नाव देताना अडचण आली. रूब हा शब्द तिकडे गावंढळ या अर्थाचा, आणि लीक ही तर कांद्याच्या जातीची भाजी! फळाला कांद्याचे नाव कसे द्यावे? तेव्हा रूबच्या पुढे लीकमधला नुसता ल जोडला आणि रुबेल हे नाव ठरले. अर्धेमुर्धे का होईना, एका जंगलच्या माणसाचे नाव फळाला चिकटले. सूयच्या झुडपाशी कोव्हिल यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या एका झुडपाचा संकर केला. त्यातून निघालेली पायोनियर ही जात १९२० साली बाहेर आली. रुबेल आजही लावतात.

न्यायाचे सांगितले, तसे दुसरेही सांगितले पाहिजे. याच व्हाइट्सबॉगच्या क्रॅनबेरी मळ्यात १९१० च्या सप्टेंबरात लुईस हाइन हा छायाचित्रकार बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीच्या वतीने गेला होता. शाळेत असावयाची मुले कमरेत वाकून फळे तोडीत असल्याची त्याने काढलेली छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. समितीच्या आरोपांना एलिझाबेथ व्हाइट यांनी जाहीर विरोध केला. एकाच बाईने जंगलच्या माणसाचे नाव फळाला दिले आणि मळ्यातल्या पोरांच्या बाबतीत मालकाची बाजू घेतली. माणसे अशीच असतात. इतिहास लिहिणाऱ्याने यांतले एक पान फाडून टाकू नये एवढेच माझे म्हणणे.

असो. झुडूप सापडले, पुढे काय? बी पेरले तर प्रत्येक रोप निराळे निघते. मोठ्या फळाच्या पोटी बारीक फळ येते. रुबेलची हजार झाडे हवी असतील तर रुबेलचीच काडी लावून तिला मूळ फोडले पाहिजे. आणि ब्लूबेरीची काडी ही महाकठीण वस्तू आहे. ती फसविते. हिवाळ्यात कापलेली काडी वाळू-पीटच्या वाफ्यात खोचली की वसंतात तिला छान पाने येतात. नवखा माणूस आनंदतो. पण ती पाने काडीतल्या जुन्या शिदोरीवर आलेली असतात. खाली मूळ एकही नसते. शिदोरी संपली की सारे वाळून जाते. खरे मूळ यावयास दोन दोन महिने लागतात.

कोव्हिल आणि व्हाइट यांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या. त्यांतली एक मला फार आवडते. झुडूप जमिनीसरसे कापावयाचे आणि बुंध्यावर वाळू-पीटचा थर चढवावयाचा. बुंध्यातून नवे कोंब निघतात, त्यांना वर येण्यासाठी तो काळोखाचा थर भेदावा लागतो, आणि अंधारात राहिलेल्या त्यांच्या पायथ्याशी मुळे फुटतात. मग कोंब मुळासकट वेगळा काढावयाचा. आपले माळी डाळिंबाची किंवा लिंबाची गुटी बांधतात ती आठवा. फांदीची साल काढतात, तिथे ओले शेवाळ लपेटून घट्ट गुंडाळतात. ओल हवी म्हणून ते गुंडाळतात हे खरे, पण नकळत त्या जागेला ते अंधारही देतात. वरची पाने उन्हात, मूळ फुटावयाची जागा काळोखात. या साध्या वाटणीतच पुढच्या शंभर वर्षांचे शास्त्र दडलेले होते.

त्या शास्त्राचा धागा युरोपात आधीच सुरू झाला होता. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखविले की गवताच्या कोंबाच्या नुसत्या शेंड्याला टोपी घातली तर सारा कोंब उजेडाकडे वळावयाचे थांबतो. म्हणजे उजेडाची बातमी शेंड्याला कळते आणि ती खाली पोचविली जाते. ती पोचविणारे द्रव्य हॉलंडमधल्या फ्रिट्स व्हेंट या तरुणाने १९२६ ते १९२८ च्या सुमारास पकडले, ते ऑक्सिन. हे द्रव्य शेंड्याकडून बुडख्याकडे वाहते आणि बुडख्याशी साठले की मूळ फोडते. १९३५ साली न्यूयॉर्कजवळ याँकर्स येथील बॉइस टॉम्प्सन संस्थेत त्याच जातीचे एक कृत्रिम द्रव्य, इंडोल ब्यूटिरिक आम्ल, काड्यांना मुळे आणण्यास उत्तम असल्याचे सिद्ध झाले. आज कोणत्याही रोपवाटिकेत काडी बुडविण्याची पांढरी भुकटी मिळते तिच्यात बहुधा तेच असते. आणि या कुळातल्या द्रव्यांना उजेड सोसत नाही. प्रखर प्रकाशात त्यांचा नाश होतो. गुटीच्या अंधाराला कारणे आणखीही आहेत, अंधारात वाढलेल्या सालीचा कोवळेपणा हे त्यांपैकी एक. परंतु हे कारण काही लहान नव्हे.

दुसरा धागा कोव्हिल यांच्याच खात्यात विणला गेला. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली प्रसिद्ध केले की कित्येक झाडे दिवसाची लांबी मोजतात. त्यांची प्रचंड वाढणारी तंबाखू उन्हाळ्यात फुलेना. रोज काही तास अंधाऱ्या खोपटात कोंडल्यावर फुलली. ब्लूबेरीही मोजते. दिवस लहान झाले की ती फुलाच्या कळ्या धरते, दिवस लांब असले की पालाच वाढविते. मग त्याच खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली सॅलडच्या बियांवर तो प्रसिद्ध प्रयोग केला. लाल उजेडाचा झोत दिला की बी रुजते. त्यानंतर दृष्टीच्या काठावरचा अतिगडद लाल झोत दिला की ते रुजावयाचे थांबते. कितीही वेळा आलटून पालटून द्या, शेवटचा झोत कोणता यावर निकाल. झाडात एक रंगद्रव्य आहे, ते बटणासारखे उघडमीट करते. त्याला पुढे फायटोक्रोम नाव मिळाले. रानात दुसऱ्या झाडाच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात साधा लाल उरत नाही, अतिगडद लाल उरतो. त्यावरून खालच्या रोपट्याला कळते की आपल्या डोक्यावर कोणी बसला आहे! कामगाराला हे सांगावे लागत नाही.

आता बाटलीकडे वळू. वनस्पतीचा कण काचेत वाढविता येईल अशी कल्पना हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली, पण ती साधावयास अर्धे शतक गेले. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली दाखविले की ऑक्सिन जास्त असेल तर मूळ, सायटोकायनिन नावाचे दुसरे संजीवक जास्त असेल तर कोंब. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली जी खाद्याची कृती दिली ती जगभर चालली. पण आपली ब्लूबेरी येथेही हट्टीच. ते क्षारांचे जेवण तिला जड होते. ऱ्होडोडेंड्रॉनसाठी आणि १९८० साली विस्कॉन्सिनमध्ये माउंटन लॉरेल या तिच्याच कुळातल्या झुडपासाठी ज्या हलक्या कृती निघाल्या, त्यांवर ती रमली. आम्लता मात्र बाटलीतही तिला हवीच.

एक कळी घ्यावयाची, जंतू मारून आगरच्या पारदर्शक जेलीत ठेवायची. काही आठवड्यांत तिचा कोंबांचा झुबका होतो. त्याचे तुकडे करून पुन्हा नव्या बाटल्यांत. बाटल्या मांडण्यांवर, मांडण्यांच्या वर ट्यूब, आणि बहुधा सोळा तास उजेड, आठ तास अंधार. सोळा तास का, ते तंबाखूच्या गोष्टीवरून ध्यानात यावे. लांब दिवस दाखविला की झाड फुलाचा विचार सोडून वाढत राहते.

हा उजेड किती असतो? दुपारच्या उन्हाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याइतका. एवढ्याशा उजेडात झाड अन्न कसे करील? फारसे करीत नाहीच. जेलीत साखर घातलेली असते, त्यावर त्याचे पोट भरते. मग उजेड कशाला? येथे मला आमच्या गिरणगावाची उपमा सुचते. बाटलीतल्या रोपाला उजेड म्हणजे भाकर नव्हे, उजेड म्हणजे भोंगा आहे. कामाला लागा, थांबा, उंच व्हा, रुंद व्हा, पाने हिरवी करा, असे तो सांगतो. भोंगा कर्कश झाला तर काय होते? ब्लूबेरीचे कोंब लालबुंद होतात, पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते. झाड स्वतःचा बचाव करण्यातच खर्ची पडते. अगदीच मंद झाला तर कोंब लांब, फिकट, सुतासारखे निघतात. ते दिसावयास उंच, पण बाहेर मातीत टिकत नाहीत.

मुळांच्या वेळी तर घोळ आणखी वाढतो. जेली पारदर्शक, बाटली पारदर्शक. म्हणजे निसर्गात जो बुडखा काळोखात असावयाचा तो येथे ट्यूबखाली उघडा. कोणी जेलीत कोळशाची पूड घालून ती काळी करतात, कोणी पहिले काही दिवस बाटल्या अंधारात ठेवतात. कोळशाने अंधार होतो, पण तो संजीवकही शोषून घेतो. अंधार लांबला तर वरचा पाला दुबळा होतो. म्हणून पुष्कळ रोपवाटिका सरळ वाट धरतात. बाटलीत फक्त कोंब वाढवायचे, त्यांचा बुडखा ऑक्सिनमध्ये बुडवून ओल्या पीटमध्ये खोचायचा, वर पारदर्शक झाकण ठेवायचे. मूळ अंधारात, पाला उजेडात. कोव्हिल आणि व्हाइट यांच्या वाळूच्या थरापाशी आपण पुन्हा आलो.

गेल्या तीसेक वर्षांत ट्यूबची जागा रंगीत डायोडच्या दिव्यांनी घेतली. विस्कॉन्सिनमध्ये १९९१ साली लाल डायोडखाली सॅलड वाढविले, तेव्हा निळा रंग पुरविण्यास ट्यूबच जोडावी लागली. कारण चांगला निळा डायोड तेव्हा नव्हता. तो जपानात शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली दिला. त्यांच्या कंपनीने त्या शोधाबद्दल त्यांना बक्षीस दिले ते वीस हजार येन, म्हणजे दोनशे डॉलरच्या आसपास! ते कोर्टात गेले. टोकियोच्या न्यायालयाने २००४ साली वीस अब्ज येन द्यावेत असा निकाल दिला. दुसऱ्या वर्षी सुमारे चौऱ्याऐंशी कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना आकासाकी आणि आमानो यांच्याबरोबर मिळाले. रूब लीकला झुडपामागे एक ते तीन डॉलर मिळाले होते हे आठवले म्हणून हा हिशेब सांगितला. शोध रानात लागो की प्रयोगशाळेत, शोधणाऱ्याच्या वाट्याचे माप कोणी तरी दुसराच ठरवितो.

या दिव्यांमुळे एकेक रंग सुटा करून देता आला. सर्वसाधारण अनुभव असा की नुसत्या लालात कोंब लांबतात, निळ्यात ते आखूड, दणकट आणि पानांनी भरीव होतात. दोन्हींचे मिश्रण बहुधा एकट्या रंगापेक्षा बरे ठरते. मात्र एका जातीला मानवलेले मिश्रण दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून पुस्तकातला आकडा उचलून मांडणीवर लावणारा फसतो. ज्याच्या हाताखाली रोज बाटल्या जातात त्याला झुबक्याचा रंग पाहून कळते की उजेड जास्त झाला.

आणि त्या बाटल्या रोज कोणाच्या हाताखाली जातात? आपल्या महाराष्ट्रात ब्लूबेरीचे नव्हे, पण केळीचे काम याच पद्धतीने मोठ्या प्रमाणावर चालते. जळगावकडे ते सर्वांना ठाऊक आहे. तिथल्यासारख्या खोल्यांत वाऱ्याच्या शुद्ध झोतापुढे बसून चिमटा आणि पाते घेऊन कोंब वेगळे करण्याचे काम बहुधा मुली आणि स्त्रिया करतात. तासन्तास मान खाली, नजर एका जागी. त्या पेटीत जंतू मारण्यासाठी जांभळ्यापलीकडचा दिवा असतो. तो डोळ्यांना आणि कातडीला घातक, काम सुरू करण्यापूर्वी तो बंद झालाच पाहिजे. रोपांच्या मांडणीवर प्रकाशमापक फिरतो, अर्ध्या हिश्श्याची चूक चालत नाही. कापणाऱ्या मुलीच्या टेबलावर तो कधी फिरतो का, तिची पाळी किती तासांची, मध्ये डोळ्यांना विसावा किती, हे प्रश्न मी अशा ठिकाणी विचारतो तेव्हा व्यवस्थापक मंडळी नवलाने पाहतात. झाडाच्या आठ तासांच्या अंधाराची मात्र सर्वांना काळजी असते, कारण तो चुकला तर माल बिघडतो.

शेवटचा टप्पा बाटलीबाहेरचा. बाटलीतले रोप ओलाव्यात आणि मंद उजेडात वाढलेले. त्याच्या पानांवरची छिद्रे नीट मिटत नाहीत, आणि ब्लूबेरीच्या मुळांना तर इतर झाडांसारखे पाणी शोषणारे बारीक केसही नसतात. एकदम उन्हात नेले तर ते तासाभरात मान टाकते. म्हणून आधी झाकणाखाली, मग दाट जाळीखाली, मग विरळ जाळीखाली, असे आठवड्याआठवड्याने उजेड वाढवीत नेतात. त्यानंतर पीटच्या मातीत एक हिवाळा काढावा लागतो, कारण थंडीवाचून ते पुढच्या वर्षी फुटावयाचे नाही. एलिझाबेथ व्हाइट १९५४ साली वारल्या. त्यांचे व्हाइट्सबॉग गाव जपून ठेवलेले आहे, आणि रूब लीकने दाखविलेल्या त्या एका झुडपाच्या काड्यांची काडी, तिची काडी, अशी वंशावळ आज कोठल्या कोठल्या मळ्यांत आणि बाटल्यांत चालू आहे.